छावणीतून वृत्तपत्राच्या डेस्कवर: माजी सैनिक आणि फौजी पत्नींसाठी

माझे पती हवालदार म्हणून निवृत्त झाले, आम्ही कामठी रोडला घर केले, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी नागपूरच्या एका दैनिकात शिकाऊ वार्ताहर म्हणून रुजू झाले. लग्नानंतर आमच्या सहा बदल्या झाल्या होत्या, त्यामुळे मुलाखतीत ‘मधली वर्षे रिकामी का?’ असा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आले नाही. वास्तविक त्या वर्षांत मी फॅमिली क्वार्टर्समधल्या कितीतरी बायकांचे अर्ज लिहिले होते, पेन्शनच्या कागदांचा पाठपुरावा केला होता आणि अनोळखी गावात चार दिवसांत शाळा, दवाखाना, रेशन यांची खरी माहिती कोणाकडे मिळते हे शोधून काढायला शिकले होते. बातमीदारी याहून फार वेगळी नसते. म्हणून आता पत्रकारितेत यायचे म्हणून सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी अर्जात ही कामे नेमक्या शब्दांत लिहायला लावते.

माजी सैनिकांची जमेची बाजू वेगळी असते. परिस्थितीचा अहवाल देताना काय घडले, कुठे, किती वाजता, किती माणसे आणि हे स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, एवढे सांगण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते, आणि नव्या वार्ताहराला नेमके हेच शिकवताना उपसंपादकाचे महिने जातात. अडचण भाषेची येते. फौजेतला अहवाल आणि सरकारी प्रेसनोट या दोन्हींत ‘करण्यात आले’, ‘हलविण्यात आले’ अशी कर्ता नसलेली वाक्ये असतात, आणि तीच बातमीत उतरतात. एका निवृत्त सुभेदारांनी अपघाताच्या पहिल्याच बातमीत ‘जखमींना रुग्णालयात हलविण्यात आले’ असे लिहिले, तेव्हा मी एवढेच विचारले की कोणी हलविले? ते पुन्हा घटनास्थळी गेले. तिथे त्यांना कळले की रस्त्यावरच्या एका ऑटोचालकाने दोन फेऱ्या मारून सगळ्यांना पोहोचवले होते, आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा त्या ऑटोचालकावर झाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आपल्या मजकुरातला प्रत्येक ‘करण्यात आले’ लाल पेनाने अधोरेखित करून त्याचा कर्ता शोधायला सांगते.

याच्याच जोडीला हुद्द्याचा संकोच असतो. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे वरिष्ठांना उलट प्रश्न केला नाही, त्यांना अधिकाऱ्याने एकदा उत्तर टाळल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारणे उद्धटपणा वाटतो. यावर मला माहितीचा अधिकार हा सर्वांत चांगला सराव वाटतो. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि कागदावर विचारलेल्या प्रश्नात संकोचाला जागा उरत नाही.

शिक्षणाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवानाला पदवीसमकक्ष मानणारे जे प्रमाणपत्र मिळते, ते गट ‘क’च्या सरकारी नोकऱ्यांसाठी असते, ती विद्यापीठाची पदवी नव्हे. माझ्या ओळखीच्या एका माजी नायकांचे त्याच गैरसमजात प्रवेशाचे पूर्ण वर्ष गेले. पदवी नसेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हा मार्ग आहे. पदवी असेल तर नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग शहरातच आहे, आणि भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीत आहे. ज्यांच्या बदल्या अजून चालू आहेत अशा पत्नींना मी इग्नूच सुचवते, कारण तिची अभ्यासकेंद्रे देशभर आहेत.

पहिल्याच वर्षी संरक्षण हा विषय मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो, आणि सेवेतील जवानाला तर सैन्यविषयक मजकूर परवानगीशिवाय वृत्तपत्राकडे देता येत नाही. पती सेवेत असलेल्या लेखिकेनेही घरात कानावर आलेली युनिटच्या हालचालीची गोष्ट कधीही लिहू नये, कारण त्यात केवळ नोकरी नव्हे तर माणसे धोक्यात येतात. शिवाय ज्या संस्थेवर आपली माया आहे तिच्याबद्दल कठोर प्रश्न विचारणे नवख्याला जमत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, आरोग्य, शिक्षण यांत हात बसू द्यावा. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की मोर्चांच्या बातम्यांना दैनिकांत माणसे कमी पडतात, तेव्हा काम मागायला जावे.

अमेरिकेत ‘मिलिटरी व्हेटरन्स इन जर्नलिझम’ ही संस्था २०१९ पासून माजी सैनिकांना अनुभवी पत्रकारांचे मार्गदर्शन आणि वृत्तसंस्थांत कामाची संधी मिळवून देते. आपल्याकडे हे ओळखीपाळखीवर चालते, म्हणून रविवारी सकाळी माझ्या घरी चार-पाच जण जमतात. येताना प्रत्येकाने आठवडाभरात स्वतः पडताळलेली एक दोनशे शब्दांची बातमी आणि ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांची नावे, वेळ आणि ठिकाण लिहिलेली वही आणायची असते. आम्ही आधी वही वाचतो आणि नंतर बातमी.