आयटीओऐवजी पेडॉट: काचेवर पारदर्शक इलेक्ट्रोड कसा चढवायचा

ऑर्गॅनिक (कार्बनी पदार्थांच्या) सोलर सेलमध्ये इंडियम टिन ऑक्साइड (आयटीओ) दोन कारणांनी नकोसं होतं: इंडियम महाग पडतं, आणि फिल्म वाकवली की तडकते. पेडॉट-पीएसएस हे वीजवाहक पॉलिमर पाण्यात मिसळलेलंच मिळतं, ते चढवायला व्हॅक्यूम लागत नाही. मात्र ग्रेड पीएच-१००० घ्या. एआय-४०८३ मुद्दाम कमी वाहक बनवलेला असतो. इलेक्ट्रोड म्हणून त्याचा उपयोग शून्य. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठून गुठळ्या झालेला माल सरळ टाकून द्या.

९.५ मिली पीएच-१००० आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग ०.५ मिली डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, वाहकता वाढवणारा द्रावक) घालून अर्धा तास ढवळा. डीएमएसओ विसरलात तर फिल्म दिसायला झकास होते, वाहकता मात्र शेकडो पटींनी कमी.

काच साबणाचं पाणी, डीआय (आयनमुक्त) पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांत दहा-दहा मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासॉनिक लहरींनी धुवा), वाळवा, १५ मिनिटं यूव्ही-ओझोन द्या आणि लगेच कोटिंगला घ्या. काच तशीच पडून राहिली तर द्रव कडांकडून आक्रसतो. मिश्रण काचेवर ओतून स्पिन कोटरमध्ये १५०० आरपीएमवर ६० सेकंद फिरवा. फिल्म ओली असतानाच, जिथे वरचा कॉन्टॅक्ट येणार तिथली पट्टी पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. नाहीतर पुढे शॉर्ट ठरलेला. १३० अंशांवर १५ मिनिटं भाजा. धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर तिच्या टोकाला गाठ किंवा धूळ असते.

शीट रेझिस्टन्स (फिल्मच्या चौरस तुकड्याचा रोध) १०० ओहम प्रति चौरसच्या आसपास येईल. आयटीओचा १०-१५ असतो. हा फरक सेलच्या रुंदीतून भरून काढायचा. २० मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी करंट एकाच कडेने गोळा केला, तर १ सेंमी रुंद पट्टीत पलीकडच्या टोकापर्यंत १ व्होल्ट घट पडते, म्हणजे सेलच्या स्वतःच्या व्होल्टेजहूनही जास्त! २ मिमी रुंदीत तीच घट ०.०४ व्होल्ट. म्हणून पट्ट्या अरुंद ठेवा आणि करंट गोळा करणाऱ्या सिल्व्हर पेस्टच्या रेघा सक्रिय (प्रकाशाची वीज करणाऱ्या) थराबाहेरच ओढा. पेस्टची उंची कित्येक मायक्रॉन, थर जेमतेम १०० नॅनोमीटर. रेघ थराखाली आली तर आरपार घुसते.

पारदर्शकता फक्त ५५० नॅनोमीटरवर तपासू नका. पेडॉट निळसर असतं, लाल-इन्फ्रारेड प्रकाश खातं. सक्रिय थरात वाय-६सारखे इन्फ्रारेडजवळचा प्रकाशही शोषणारे पदार्थ वापरणार असाल तर ९०० नॅनोमीटरपर्यंत मोजा.