जुन्या दगडी घरातली खोली उबदार करताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यांत राहणाऱ्यांना तिथली थंडी वेगळी सांगायला नको. जानेवारीत रात्रीचा पारा ५ अंशांच्या खाली उतरतो आणि मेमध्ये दुपारी ४५ च्या वर चढतो. एकाच खोलीला हे दोन्ही सोसावं लागतं.

थंडी वाजली की बहुतेक जण आधी भिंतीला हात घालतात. दगडातून ऊब निघून जाते हे खरंच, पण अंगावर जो गारठा येतो तो बहुधा फटींतून येणाऱ्या वाऱ्याचा असतो. म्हणून वारा कुठून येतो ते आधी शोधा. वारं सुटलेल्या संध्याकाळी पंखा बंद करून उदबत्ती पेटवा. उंबरठ्याजवळ, दोन कवाडं मिळतात त्या रेषेवर आणि चौकट दगडाला टेकते त्या कडेवर ती सावकाश फिरवा. धूर सरळ वर जायचा सोडून खोलीच्या आत वळला, की तिथे खडूने खूण करा. वरचा झरोकाही तपासा, तो हमखास राहून जातो.

फटी भरताना घाई नको. चौकटीभोवती फोमचा स्प्रे मारला की काम पटकन होतं, पण उन्हात तो पिवळा पडून झडतो आणि पुढे चौकट काढायची झाली तर लाकूड सोलून निघतं. रुंद फटीत सुतळी ठासून वरून चुना-वाळूने दरजा भरलेल्या बऱ्या. कवाडांना रबरी पट्टी लावायची ती दिवाळीनंतर. मेमध्ये लाकूड सुकलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलेली पट्टी पावसाळ्यात लाकूड फुगलं की कवाड अडवते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत आतली ओल हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल वर चढते. मग पांढरी भुकटी फुटते आणि पोपडे सुटतात. भिंतीला थर्माकोल चिकटवला तर खोलीतली दमट हवा त्यामागच्या गार दगडाला लागून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. शिवाय उघडा थर्माकोल झटकन पेट घेतो. आधी फुटकी पन्हळ दुरुस्त करा, भिंतीच्या पायथ्याशी साचणाऱ्या पाण्याला वाट द्या, एक पावसाळा जाऊ द्या. गिलावा करायचाच तर चुन्याचा करा.

फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. झरोक्याची झडप थोडी उघडी ठेवलीत तरी शेगडीचा धोका टळत नाही, तेव्हा हीटर विजेचाच घ्या. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, जुन्या ५ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही. त्याला स्वतंत्र लाइन हवी.

राहिलं छत. पटियांच्या, म्हणजे छतावर टाकलेल्या लांब दगडी फरश्यांच्या, सांध्यांतून वारा आणि पाणी दोन्ही येतात, ते सांधे वरून चुन्याने भरा. वर जाड कोबा टाकायचा मोह मात्र आवरा. दगडी पटिया वाकून इशारा देत नाही, जादा वजनाने एकदम तुटते. इंजिनिअरने पाहिल्याशिवाय वर काहीही चढवू नका. उन्हाळ्यासाठी गच्चीवर मार्चअखेर चुन्याची सफेदी केलीत तरी दुपारची तलखी बरीच कमी होते.