डिस्कसच्या टँकसाठी तळमासे आणि शेवाळखाऊ मासे निवडताना या चुका टाळा

डिस्कस या चपट्या, गोलाकार शोभेच्या माशाच्या टँकची काच हिरवी दिसू लागली किंवा तळाशी खाद्याचे कण साचू लागले की एखादा ‘सफाई करणारा’ मासा आणून सोडावा, असा विचार मनात येतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ याच विचारात असते. कोणताही मासा घाण नाहीशी करत नाही. तो खातो आणि विष्ठा टाकतो, म्हणजे विष्ठेपासून पाण्यात साचणाऱ्या नायट्रेटचा भार कमी होण्याऐवजी वाढतो. डिस्कसला दिवसातून अनेकदा प्रथिनयुक्त खाद्य द्यावे लागत असल्याने हा भार आधीच मोठा असतो. तळाचा कचरा सायफनने काढणे, काच हाताने पुसणे, पाणी नियमित बदलणे आणि दिवा रोज सहा ते आठ तासांपेक्षा जास्त न ठेवणे, ही कामे पाळणाऱ्यानेच करायची आहेत. तळमासा आणायचा तो आवडतो म्हणून आणि त्याची नीट सोय करता येते म्हणून.

निवड करताना सर्वांत आधी पाहायचे ते तापमान, आणि नेमके तेच विचारात घेतले जात नाही. डिस्कससाठी पाणी साधारण 28 ते 30 अंश सेल्सिअस ठेवले जाते, तर दुकानात ‘कोरी’ (कॉरिडोरस, मिशा असलेले छोटे तळमासे) म्हणून एकाच टाकीत दिसणाऱ्या अनेक जातींना ही उष्णता मानवत नाही. ठिपक्याठिपक्यांची पेपर्ड कोरी मूळची दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडील ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली असून तिला थंडावा लागतो, आणि पांडा कोरीही 25 अंशांच्या आतच सुखी असते. अशा माशांना डिस्कससोबत ठेवले तर ते लगेच मरत नाहीत. काही महिने झिजत जातात आणि मग एकेक करून जातात, त्यामुळे पाळणारा दोष भलत्याच गोष्टीला देतो. स्टर्बाय कोरी मात्र या उष्णतेत चांगली राहते. ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरील ग्वापोरे नदीच्या परिसरातली ही जात गडद डोक्यावरील पांढऱ्या ठिपक्यांवरून आणि छातीच्या परांच्या केशरी काट्यांवरून ओळखता येते. डिस्कससोबत एकच तळमासा सुचवायचा असेल तर मी निःशंकपणे तिचेच नाव घेईन.

उष्णतेसोबत प्राणवायूचा प्रश्न येतो. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो सुमारे 7.5 मिलिग्रॅमवर येतो. कोरी आतड्यावाटेही हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून त्या अधूनमधून पृष्ठभागाकडे झेपावतात आणि ते स्वाभाविक आहे. पण या फेऱ्या अचानक वाढल्या, शिवाय डिस्कसही जलद श्वास घेऊ लागले, तर आधी एअर पंप वाढवावा आणि पाण्यातले विषारी अमोनिया व नायट्राइट तपासावे. विदर्भात उन्हाळ्यात हीटर बंद असतानाही पाणी 32 अंशांच्या वर जाऊ शकते. तेथे हा धोका अधिक मोठा असतो.

सर्वांत मोठे नुकसान करतो तो सकर, म्हणजे तोंडाने चिकटणारा मोठ्या जातीचा प्लेको मासा. टँक क्लीनर म्हणून विकले जाणारे बोटभर पिल्लू वाढून फूटभर किंवा त्याहून मोठे होते, आणि वाढत्या वयात त्याचा शेवाळातला रस कमी होतो. डिस्कसच्या अंगावर श्लेष्माचा दाट, पौष्टिक थर असतो. आई-बाप आपल्या पिल्लांना सुरुवातीला याच थरावर पोसतात. रात्री दिवा मालवल्यावर डिस्कस जवळजवळ स्थिर उभा राहतो आणि त्याची बाजू सपाट व रुंद असते, त्यामुळे भुकेल्या सकरला तिथे चिकटणे सोपे जाते. चायनीज अल्गी इटर हा पिवळा, चपळ मासाही मोठेपणी असाच वागतो आणि स्वभावाने त्याहून भांडखोर असतो. या दोघांना डिस्कसच्या टँकमध्ये कोणत्याही वयात, कोणत्याही कारणासाठी जागा देऊ नये. सकर नकोसा झाला म्हणून तो तलावात किंवा नदीत सोडणे ही त्याहून गंभीर चूक आहे. केरळ, पश्चिम बंगाल आणि आंध्र प्रदेशातील पाणवठ्यांत हा परका मासा पसरलेला आहे. तो दुकानदाराला परत करावा किंवा मोठा टँक असलेल्या माणसाकडे सोपवावा.

सकाळी डिस्कसच्या बाजूवर गोलसर फिकट डाग, ओरखडे किंवा श्लेष्मा निघाल्याची खूण दिसली, मासा काळवंडून कोपऱ्यात उभा राहू लागला, तर औषध टाकण्याची घाई करू नये. दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद विजेरीने टँक पाहावा. चिकटणारा मासा सापडला तर त्याच रात्री काढावा, कारण ही सवय लागली की सुटत नाही. त्यानंतर पाणी स्वच्छ ठेवले तर वरवरच्या जखमा बहुधा आपोआप भरतात. डाग पसरू लागले किंवा त्यावर कापसासारखी बुरशी दिसली तरच उपचाराकडे वळावे.

शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज प्लेको तुलनेने बरा पर्याय आहे. तो साधारण 12 ते 15 सेंटिमीटरपर्यंतच वाढतो. मात्र 28 अंश ही त्याच्या सोयीची वरची मर्यादा समजावी आणि डिस्कसचे पाणी 30 वर ठेवायचे असेल तर त्याचा विचार सोडावा. त्याला लाकडाचा तुकडा आणि रात्री काकडी किंवा उकडलेली भाजी मिळाली पाहिजे, कारण उपाशी ठेवलेला कोणताही प्लेको धोकादायक ठरू शकतो. एल नंबरचे (म्हणजे नावाऐवजी ‘एल’ अक्षर आणि क्रमांकाने ओळखले जाणारे) देखणे प्लेको शेवाळ खातील अशी अपेक्षा धरून घेऊ नयेत. शिंगू नदीतला झेब्रा प्लेको उष्णता आवडीने सोसतो, पण तो मुख्यतः मांसाहारी आहे. ओटोसिंक्लस हे छोटे शेवाळखाऊ मासे नव्या, चकचकीत टँकमध्ये उपाशी मरतात, आणि त्यांनीही डिस्कसच्या अंगाला तोंड लावल्याचे अनुभव पाळणारे सांगतात. नेराइट गोगलगायी काच उत्तम साफ करतात, परंतु मऊ, आम्लधर्मी पाण्यात त्यांचे शंख झिजतात आणि तांबेयुक्त औषधाने त्या मरतात. छोटी चेरी कोळंबी डिस्कसचे खाद्यच होते.

कोरी किमान सहाच्या गटात ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली बारीक, गुळगुळीत वाळू असावी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात व तिथे संसर्ग होतो. त्यांनी उरलेल्यावरच जगावे अशी अपेक्षा करू नये. डिस्कसचे खाणे आटोपल्यावर, दिवा मालवताना, तळाशी बुडणाऱ्या गोळ्या मोजून टाकाव्यात. डिस्कसची जोडी अंडी घालणार असेल तर त्या टँकमध्ये एकही तळमासा नको, कारण रात्री कोरी आणि प्लेको दोघेही अंडी फस्त करतात.

नवा तळमासा थेट मुख्य टँकमध्ये सोडण्याची चूक तर हमखास होते. दुकानात कितीही निरोगी दिसला तरी तो परजीवी घेऊन येऊ शकतो, आणि डिस्कसच्या कल्ल्यांना लागणारे फ्लूक (सूक्ष्म चपटे कृमी) एकदा आत शिरले की काढणे जिकिरीचे असते. चार ते सहा आठवडे त्याला वेगळ्या टँकमध्ये ठेवावे, त्याच्यासाठी वेगळी जाळी व सायफन वापरावा आणि या काळात पाणी दिवसाला एका अंशाने वाढवत 29 अंशांपर्यंत न्यावे. त्या उष्णतेत तो नीट खातो, त्याचे पोट भरलेले दिसते आणि मिशा शाबूत राहतात, याची खात्री झाल्यावरच त्याला डिस्कसच्या पाण्यात सोडावे.