ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवताना दमून जाऊ नये म्हणून

सांगलीत विश्रामबागला घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटं दुकान आहे. ओल्या कचऱ्याचं खत करायचे डबे, कचरा लवकर कुजावा म्हणून त्यात घालायचं विरजण, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निंबोळी पेंड, बिया आणि हंगामात रोपं. या धंद्यात वस्तू विकली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. डबा घरी गेला की आठव्या-दहाव्या दिवशी फोन येतोच, "ताई, अळ्या झाल्यात, टाकून देऊ का?" २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गच्चीवर भाजी लावणारे वाढले, फोन वाढले, म्हणून मी ग्रुप काढला.

वर्षभरात रात्री पावणेबाराला कुणाच्या तरी मिरचीवरच्या माव्याबद्दल (रस शोषणाऱ्या किडीबद्दल) लिहीत बसायची सवय लागली. आईचा दवाखाना चालू होता, तिथल्या बाकावरही मी उत्तरंच देत होते. एक दिवस अळ्यांचा तोच साधा प्रश्न आला आणि विचारणाऱ्या काकूंचा मला राग आला. त्यांची काहीच चूक नव्हती. मी दोन महिने ग्रुप बंद ठेवला आणि मग नव्याने मांडला. तुमचं काम लोणच्याचं असो, शिवणाचं असो की शिकवणीचं, त्या मांडणीतलं बरंचसं लागू पडेल.

आधी माणसं. फोनमधले सगळे नंबर ग्रुपमध्ये ओढू नका. दुसऱ्या वेळी मी बावीसच जण घेतले. दोनदा तरी खरेदी केलेले आणि स्वतःहून काहीतरी विचारलेले. प्रत्येकाला आधी विचारलं, कारण ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो आणि पुष्कळ बायकांना ते नको असतं. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'मधला घोषणांचा ग्रुप आहे. तिथे फक्त ॲडमिन लिहितो, सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. नवा माल, दर, सुट्ट्या असं विक्रीचं सगळं तिथेच, आठवड्यातून एकदा, गुरुवारी. गप्पांच्या ग्रुपमध्ये मी दर टाकत नाही. जिथे दुकानदार सारखा माल दाखवतो, तिथे "माझा डबा बिघडला" असं कुणी मोकळेपणाने लिहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. मला हे फार जड गेलं. ग्राहक ताटकळतोय असं वाटायचं. पण मी पाच मिनिटांत उत्तर देत होते तोवर दुसरं कुणी तोंडच उघडत नव्हतं, आणि सगळ्यांचा भार माझ्या एका अंगठ्यावर होता. आता मी चार तास थांबते. तेवढ्यात कुणीतरी लिहितंच: "ओल जास्त झालीय, सुका पाला दुप्पट घाला, दोन दिवस रोज हलवा. अळ्या काही वाईट करत नाहीत." बँकेतून निवृत्त झालेले एक काका किडींबद्दल आता माझ्याहून बारकाईने सांगतात.

हे मला आपल्याच भागातल्या 'प्रयोग परिवारा'वरून सुचलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी तो उभा केला. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी आपापल्या बागेत काय करून पाहिलं ते एकमेकांना सांगायचं आणि त्यातून सगळ्यांनीच शिकायचं, अशी ती रीत. मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट आहे ही. तज्ज्ञ एक आणि बाकीचे ऐकणारे, ही मांडणीच त्यात नव्हती. दुकानाच्या ग्रुपलाही हे जमतं, फक्त आपण थोडं मागे सरकावं लागतं.

कधी चुकीचं उत्तर येतं. एका ताईंनी माव्यावर कपड्याच्या पावडरचं पाणी मारायला सांगितलं. अशा वेळी थांबायचं नाही, पण सांगणाऱ्याला उघडं पाडायचंही नाही. मी लिहिलं, "पावडरने पानं करपू शकतात. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब सौम्य साबण, संध्याकाळी फवारा." त्या ताई आजही लिहितात.

प्रश्नच नीट आला तर निम्मं काम वाचतं. ग्रुपच्या वर एक निरोप पिन करून ठेवा. माझा असा आहे: फोटो उजेडात काढा, त्रास कधीपासून आहे, ऊन किती तास येतं, पाणी शेवटचं कधी घातलं. हे नसेल तर कुणीही आधी तेवढंच मागतं. पुन:पुन्हा येणारी उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या 'क्विक रिप्लाय'मध्ये घाला. माझी अकरा आहेत.

वेळेचं सांगते. मी सकाळी साडेदहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते पावणेसहा ग्रुप बघते. बाकी वेळ तो म्यूट आणि अर्काइव्ह. दुकानाचा नंबर वेगळा ठेवलाय, त्यावर रात्री आठनंतर आपोआप उत्तर जातं की उद्या साडेदहाला बोलू. सुरुवातीचे दीड महिने रात्री साडेनऊला मी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे सेटिंग हाताने लावत होते. मग लोकांनाच सवय झाली. दोन-तीन जण नाराज होऊन गेले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

फॉरवर्ड नाही, सुप्रभात नाही, निवडणूक नाही. दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा काढायचं. पुराच्या काळातला नियम मात्र वेगळा करावा लागला. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी चढत होतं. आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे. एका रात्री ग्रुपवर 'कोयना धरणातून एवढं पाणी सोडलं' असे निरोप धडाधड येऊ लागले. २०१९ चा पूर सोसलेल्या घरांमध्ये त्याने काय होतं हे मी शेजारी पाहिलं. तेव्हापासून अशा दिवसांत ग्रुप बंद असतो आणि जिल्हा प्रशासनाची अधिकृत माहिती तेवढी मी सकाळ-संध्याकाळ टाकते. तुमच्या गावातही असं काही असेलच. आधीच ठरवून ठेवा.

ग्रुप शंभराच्या वर गेला की सोबतीला ॲडमिन घ्या. माझ्यासोबत तिघं आहेत, प्रत्येकाकडे आठवड्याचे दोन दिवस, रविवार माझा. त्यांना दर हंगामात रोपांचा एक ट्रे आणि लागेल तेवढं विरजण देते. आपल्या दुकानाचं काम कुणी प्रेमाने करतंय म्हणून ते फुकट घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

रोज काहीतरी टाकायलाच हवं हा धाक सोडून द्या. माझ्याकडे आठवड्याला ठरलेली एकच गोष्ट आहे: रविवारी प्रत्येकाने आपल्या डब्याचा किंवा कुंडीचा एक फोटो टाकायचा. तीनशे चाळीस जणांत चाळीसेक जण नियमित लिहितात, बाकीचे वाचतात, आणि वाचणारेही दुकानात येतात. जूनच्या सुरुवातीला दोडका-कारल्याच्या आणि ऑक्टोबरमध्ये मेथी-पालकाच्या बिया घेऊन आमच्या अंगणात भेटतो. चहा मी करते, बिया सगळे आणतात. एकदा समोरासमोर बोललेली माणसं ग्रुपवर भांडत नाहीत.

सुट्टी मात्र आधी सांगून घ्या. गणपतीच्या चार दिवस आधी मी हा निरोप टाकते, हवा तर तसाच उचला:

"मंडळी, गौरी-गणपतीचे सात दिवस दुकान आणि ग्रुप दोन्ही बंद. निर्माल्य डब्यात घालताना दोरे आणि प्लॅस्टिक काढा, फुलं मोकळी करा, जेवढी फुलं त्याच्या दुप्पट सुका पाला घाला. वास आला तर झाकण किलकिलं ठेवा. बाकी सगळं आठव्या दिवशी साडेदहाला. मोरया!"