निवृत्त गोलकीपरची कारकीर्द कशी वाचायची

एनएचएलमधून, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधून, निवृत्त झालेल्या एखाद्या गोलकीपरचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा विजयांचा आकडा सांगतात. मी तो रकाना झाकूनच सुरुवात करते. आपल्या संघाने एकही गोल केला नाही, तर गोलकीपरने सगळं अडवूनही सामना जिंकता येत नाही. शिवाय २००५-०६ च्या मोसमात शूटआउट आलं, म्हणजे बरोबरी झाली तर एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरवर चाल करून निकाल लावायचा, आणि बरोबरी संपली. शूटआउटच्या आधीच्या काळातला गोलकीपर टेरी सॉचुकच्या नावावर ४४७ विजय आहेत, आणि शेजारी १७२ बरोबरीचे सामने. वेगवेगळ्या काळातले विजय एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत ते यासाठीच.

मग बघायचं काय? सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे अंगावर आलेल्या शॉटपैकी किती अडवले. पण हा आकडाही एकटा घेऊ नका. त्या मोसमात सगळ्या लीगची सरासरी किती होती ते शेजारी लिहा. माझं आवडतं उदाहरण डॉमिनिक हाशेकचं. १९९३-९४ मध्ये बफेलोकडून खेळताना त्याच्यावर १५५२ शॉट आले आणि १०९ गोल झाले. म्हणजे सेव्ह पर्सेंटेज ०.९३०, हजारातले ९३० शॉट अडवले. त्या वर्षी लीगची सरासरी होती ०.८९५ च्या आसपास. आता कागद घ्या आणि सरासरी गोलकीपर त्याच जागी उभा केला तर काय झालं असतं ते मांडा: १५५२ गुणिले ०.१०५, साधारण १६३ गोल. हाशेकवर झाले १०९, म्हणजे सरासरी गोलकीपरपेक्षा त्याने एका मोसमात चोपन्न गोल जास्त वाचवले! हे गणित स्वतःच्या हाताने केल्यावर कळतं की ०.९३० हा नुसता चांगला आकडा नाही, अचाट आहे.

गोल सरासरी म्हणजे साठ मिनिटांच्या सामन्यामागे गोलकीपरवर किती गोल झाले; त्यासाठी झालेल्या गोलांना साठने गुणून खेळलेल्या मिनिटांनी भागायचं. हाशेकची त्या मोसमाची १.९५ आली. गोलकीपर बर्नी पॅरंटनंतर, म्हणजे १९७३-७४ नंतर, दोनच्या खाली कुणी गेलंच नव्हतं. तरी मी हा आकडा दुय्यम मानते, कारण बचावफळी भक्कम असली की तो आपोआप खाली येतो.

आता न्यू जर्सीचा गोलकीपर मार्टिन ब्रोडरशी तुलना करू. ब्रोडर: १२६६ सामने, ६९१ विजय, १२५ शटआउट (एकही गोल होऊ न दिलेले सामने), सेव्ह पर्सेंटेज ०.९१२. हाशेक: ७३५ सामने, ३८९ विजय, ८१ शटआउट, सेव्ह पर्सेंटेज ०.९२२. एकूण बेरजा ब्रोडरच्या बाजूने, पण शटआउटना सामन्यांनी भागा: ब्रोडरचा दर दहाव्या सामन्याला एक, हाशेकचा दर नवव्या. हाशेक चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आला १९९० मध्ये, पंचविशीत, आणि शिकागोत मुख्य गोलकीपर एड बेलफोरच्या मागे राखीव म्हणून बसून राहिला. कारकीर्द कुठून सुरू झाली हे न बघता बेरजा मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

ब्रोडरवरही अन्याय नको. तो गोलच्या मागे जाऊन पक (हॉकीतली चपटी रबरी चकती) इतका सफाईने खेळवायचा की समोरच्यांचे हल्ले सुरू व्हायच्या आधीच मोडायचे. जो शॉट आलाच नाही तो सेव्ह पर्सेंटेजमध्ये दिसणार कुठून? २००५ मध्ये लीगने गोलमागे ट्रॅपेझॉइड, म्हणजे समलंब चौकोन, आखून त्याबाहेरच्या कोपऱ्यातला पक गोलकीपरने खेळवायचा नाही असा नियम केला, यावरून त्या कौशल्याची धास्ती समजा.

प्लेऑफ, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, वेगळे वाचा, कारण तिथे तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर येतो. २७ एप्रिल १९९४ चा सामना शोधा: बफेलो विरुद्ध न्यू जर्सी, चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत, म्हणजे चौथ्या जादा सत्रापर्यंत, ०-०. हाशेकने ७० शॉट अडवले, आणि पलीकडच्या गोलमध्ये उभा होता नवखा ब्रोडर. बफेलो १-० ने जिंकलं.

शेवटी आकडे मिटवून व्हिडिओ लावा. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधला कॅनडाविरुद्धचा उपांत्य सामना घ्या. फ्लेरी, बर्क, न्यूवेंडाइक, लिंड्रोस, शॅनहन: शूटआउटमधले पाचही जण हाशेकने रोखले. पहिल्यांदा नेहमीसारखं बघा. दुसऱ्यांदा पककडे अजिबात लक्ष देऊ नका, हाशेकच्या स्केटवर नजर ठेवा आणि आधी कोण हलतं ते प्रत्येक वेळी टिपून घ्या.