चार कोटी अंकांच्या मूळ संख्येचं डोकं-शेपूट वहीत कसं काढायचं

२ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केला की जी संख्या मिळते, ती मूळ असल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. पानाला २,००० अंक धरले तर ती लिहायला २०,५१३ पानं लागतील. तिची टोकं मात्र दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर निघतात.

आधी शेपूट. आजपासून शंभराव्या दिवशी गावात बाजार भरेल का, हे बघताना आपण सातनं भागून बाकी धरतो. इथे २० नं भागा, कारण २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी फिरून येतात. घातांकाची बाकी १ येते. इथेच बरेच जण पहिला घात ०२ धरून शेवट ०१ लिहितात. चुकलं! फेरा दुसऱ्या घातापासून सुरू होतो, म्हणून २१ वा घात घ्या: २०,९७,१५२. वजा १, शेवट ५१.

आता एकूण अंक. घातांकाला २ च्या लॉगनं गुणायचं. बारावीच्या लॉग टेबलातला ०.३०१० घेतलात तर ४,०८७ अंक कमी भरतात. ०.३०१०३ घेतलात तर एक जास्त. इतक्या मोठ्या घातांकापुढे नवव्या दशांश स्थळाची चूकही नडते. म्हणून दोन हप्त्यांत करा: ०.३०१०३ नं गुणून ४,१०,२४,३२०.५३६२ मिळवा, मग घातांक गुणिले ०.००००००००४३३६ म्हणजे ०.५९०९ त्यातून वजा करा. उरले ४,१०,२४,३१९.९४५३. पूर्णांकात १ मिळवला की अंक ४,१०,२४,३२०. अपूर्णांक ०.९४५३ चा अँटिलॉग ८.८१६, म्हणजे संख्या ८८१ नं सुरू होते.

ती मूळ आहे हे ठरवणारी ल्युका-लेमर चाचणी १२७ वर, म्हणजे २ च्या सातव्या घाताहून १ कमी असलेल्या संख्येवर, करून बघा. ४ पासून सुरुवात. दर फेरीत वर्ग करा, २ वजा करा, १२७ नं भागून बाकी ठेवा. फेऱ्या घातांकाहून दोन कमी, म्हणजे पाच: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं तर मूळ. भागाकार टाळायची युक्ती अशी: ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४,४८७; त्यात १२८ पस्तीस वेळा जातात, उरतात ७, ३५ अधिक ७, बाकी ४२. (बाक्यांचं गणित आपल्याकडे जुनंच. भास्कराचार्यांनी दिलेल्या कुट्टक नावाच्या रीतीत तेच आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.)

घातांक मूळ असला म्हणजे झालं, असं नाही. ११ घेतला तर संख्या २,०४७. नऊ फेऱ्यांनंतर १,७३६ उरतात, कारण ती २३ × ८९ आहे. एका फेरीतली चूक पुढच्या सगळ्या फेऱ्या नासवते. मोठ्या संख्येला तर १३,६२,७९,८३९ फेऱ्या लागतात, म्हणून तिची चाचणी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा केली जाते.