डोपामाइन मोजण्यासाठी नायट्रोजनयुक्त ग्राफीनचा इलेक्ट्रोड कसा तयार करावा

डोपामाइन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन. ते मोजण्याच्या इलेक्ट्रोडसाठी आधी ग्राफीन ऑक्साइड (एका अणूच्या जाडीच्या कार्बन थराचे, म्हणजे ग्राफीनचे, ऑक्सिजनयुक्त रूप) पाण्यात अल्ट्रासॉनिक यंत्राने एकजीव करून त्यात युरिया विरघळवावा आणि हे मिश्रण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) १८० अंश सेल्सिअसला १२ तास ठेवावे. युरियाच्या विघटनातून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड सुटून दाब वाढतो, म्हणून भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. तयार झालेला नायट्रोजनयुक्त ग्राफीनचा काळा गोळा धुऊन गोठवून वाळवावा.

यापुढचे काम अनेकजण घाईने उरकतात, पण माझ्या मते संवेदकाचा भरवसा इथेच ठरतो. ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण, गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोड आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिनाने (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक पुडीने), ओल्या कापडावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवत, आरशासारखा चकचकीत होईपर्यंत घासावा. वाळवलेले ग्राफीन पुन्हा द्रवात एकजीव करून त्या मिश्रणाचे ५ मायक्रोलिटर त्यावर सोडून ते झाकणाखाली सावकाश वाळू द्यावे. घाईने वाळवल्यास थर कडेला जमतो आणि मध्यभाग उघडा पडतो.

फेरिसायनाइडच्या द्रावणात चक्रीय व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत विद्युतप्रवाह मोजणे) करून आलेखातील दोन शिखरांमधील व्होल्टेजचे अंतर पाहावे. ते ५९ मिलिव्होल्टच्या जितके जवळ, तितके इलेक्ट्रॉनांचे आदानप्रदान सुलभ. अखेरीस ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये डोपामाइनसोबत ॲस्कॉर्बिक आम्लही घालून चाचणी घ्यावी, कारण साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर दोघांची शिखरे एकमेकांत मिसळतात आणि ती वेगळी दिसल्याशिवाय रक्तद्रव किंवा लघवीच्या नमुन्याकडे वळू नये.